पवनचक्कीकडचं कुरण

करड्या घोडीची तपासणी संपली होती आणि मला तिच्यात एकही दोष सापडला नव्हता. हृदय ठीक, फुप्फुसं ठीक, दात वयाला शोभणारे, चारी पाय स्वच्छ. तरी मी स्टेथोस्कोप गळ्यात अडकवून नुसताच उभा होतो. माझ्या अंगावर काटा आला होता आणि तो का आला हे मला कळत नव्हतं.

"काय ओ डॉक्टर, पास ना?" सरनोबतताईंनी विचारलं.

"पास आहे."

"मग तोंड असं का?"

घोडी लोखंडी चौकटीत उभी होती. एवढ्या तपासणीत तिनं एकदाही मान वळवून माझ्याकडे बघितलं नव्हतं. अनोळखी माणूस पोटाशी हात घालतो तेव्हा गरीब घोडीसुद्धा निदान एक कान मागे करते. हिचे दोन्ही कान सरळ पुढे होते. तिच्या पुढे काहीच नव्हतं.

ही नव्वदच्या दशकातल्या मधल्या वर्षांची गोष्ट. मी घोड्यांचा डॉक्टर. नागपूरला व्हेटर्नरी केलं, पुढे कोलोरॅडोत शिकलो आणि फीनिक्सजवळच्या एका क्लिनिकमध्ये नोकरीला लागलो. तेव्हा चँडलरमध्ये चिप बनवणाऱ्या कंपन्यांमुळे बरीच मराठी माणसं येत होती. त्यांच्या कार्यक्रमात मी घोड्यांचा डॉक्टर आहे म्हटलं की लोक आधी हसायचे आणि मग हळूच आपल्या कुत्र्याच्या खाजेबद्दल विचारायचे. न हसणाऱ्या एकट्या सरनोबतताई. त्या कोल्हापूरकडच्या. माहेरी घोड्यांची पागा होती आणि ती त्या कधी विसरल्या नव्हत्या.

ताईंनी सॉफ्टवेअरची नोकरी सोडून चँडलरच्या बाहेर थोडी जमीन घेतली होती. घोड्या ठेवायच्या, शिंगरं काढायची, वाढवून विकायची. नवरा याला हौस म्हणायचा, त्या धंदा म्हणायच्या. नोकर-चाकर ठेवायची ऐपत नव्हती. चारा घालणं, लीद काढणं, घोडी व्यायला लागली की तिच्यापाशी बसणं, हे सगळं त्या एकट्या करणार होत्या. व्याणाऱ्या घोडीजवळ एकटं माणूस असलं आणि घोडीचं डोकं ठिकाणावर नसलं, तर माणूस वाचत नाही. म्हणून त्या दिवशी माझं काम साधं होतं. ताई ज्या घोड्यांवर बोट ठेवतील त्या तबेल्यात नेण्यासारख्या आहेत की नाहीत, एवढं सांगायचं.

या कामाला प्री-पर्चेस एक्झाम म्हणतात. मुलगी दाखवायच्या कार्यक्रमासारखंच, फक्त इथे डॉक्टर उघडपणे दात मोजतो. नियम एकच. ज्यानं बोलावलं त्याच्याच बाजूनं बोलायचं, विकणाऱ्याची भीड ठेवायची नाही.

विकणारा होता वॉल्ट. अ‍ॅरिझोनाच्या ईशान्य कोपऱ्यात, न्यू मेक्सिकोच्या हद्दीजवळ त्याचं रँच होतं. उंचावरची सपाट, वाऱ्यानं घासून काढलेली जमीन. रँच मुळात त्याच्या भावाचं. वॉल्टनं सगळी उमर गावात शाळेची बस चालवली होती. भाऊ गेला, घोड्या मागे राहिल्या, तेव्हा हा रिटायर होऊन इथे येऊन राहिला. गुडघे गेले म्हणून आता घोड्या विकत होता. मऊ बोलणारा, सरळ माणूस. त्याच्यात लबाडी शोधायचा मी खूप प्रयत्न केला आणि मला ती सापडली नाही.

ताई सकाळपासून खुशीत होत्या. प्रत्येक घोडीच्या अंगावरून हात फिरवून त्या भोवरे बघत होत्या. आपल्याकडे घोड्याच्या केसांतल्या भोवऱ्यांवरून त्याचं शुभ-अशुभ ठरवतात. गळ्यावर देवमण नावाचा भोवरा असला की घराची भरभराट, भलत्या जागी गोम असली की मालकाचा घात. करड्या घोडीच्या गळ्यावर देवमण होतं.

"अंगावर एक खोड नाही बघा," त्या म्हणाल्या.

"ताई, भोवरा म्हणजे केस उगवायची दिशा."

"असू दे की. चांगल्या दिशेनं उगवलेत."

आमच्या घरातून देव आजोबांच्या वेळीच गेले होते आणि धम्म आला होता. शुभ-अशुभ या विषयावर माझा पारा लवकर चढतो, हे मला माहीत आहे. म्हणून मी सरळ मशीन लावलं.

अल्ट्रासाउंडमध्ये सगळ्या गर्भाशयांची चित्रं चांगली आली. पण सगळी रिकामी. एकही घोडी गाभण नव्हती आणि अंगणात एकही शिंगरू नव्हतं. वसंत ऋतूत घोड्यांच्या रँचवर शिंगरं नाहीत, म्हणजे शाळा आहे पण पोरं नाहीत.

"गाभडल्या," वॉल्ट म्हणाला. "पहिल्या वर्षी एक. पुढच्या वर्षी बऱ्याच. यंदा सगळ्या."

"रक्त तपासलं?"

"तपासलं. साथीचं काही निघालं नाही. डॉक, मला वाटतं त्यांना दुःख झालंय."

हे त्यानं इतकं सहज सांगितलं, की मी पेन हातात धरून त्याच्याकडे बघतच राहिलो.

मग मी घोड्यांना चौकटीतून सोडून मोकळ्या जागेत बघायचं ठरवलं. तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की या जागेत आवाज नाही. जिथे घोड्या असतात तिथे काही ना काही चालू असतं. फुरफुरणं, पाय आपटणं, एकमेकींना चावणं. इथे फक्त वारा होता आणि लांब कुठेतरी पवनचक्कीचं कुरकुरणं. एक घोडी पाण्याच्या टाकीपाशी गेली, तिनं ओठ पाण्यात बुडवले आणि तशीच उभी राहिली. ती पाणी पीत नव्हती. आपण इथे कशाला आलो हे ती विसरली होती. वारा आला की पाणी तिच्या नाकपुडीला लागायचं, तरी ती हलायची नाही.

कोरलच्या, म्हणजे कुंपण घातलेल्या अंगणाच्या, फाटकावर एक आडवा दांडा होता. त्याची सावली जमिनीवर पडली होती. घोड्या एकामागून एक बाहेर निघाल्या आणि प्रत्येकीनं त्या सावलीपाशी पाय उंच उचलून ती ओलांडली. जमिनीवर मोठा ओंडका पडला असता तर ओलांडला असता, तशी.

"चाल बघा की!" ताई हरखून म्हणाल्या. "मिरवणुकीतली घोडी अशी पाय उचलते. आमच्याकडे शिकवायला वर्ष घालवतात, ह्या जन्मतः घेऊन आल्यात."

माझं ताईंकडे लक्ष नव्हतं. घोड्यांच्या मागून वॉल्ट येत होता. सावलीपाशी त्यानं आपला दुखरा गुडघा वर घेतला आणि त्यानंही ती काळजीपूर्वक ओलांडली.

"वॉल्ट, तुम्ही पाय का उचललात?"

"कुठे?" त्यानं मागे वळून जमिनीकडे बघितलं. तिथे धूळ होती आणि सावली होती. "मी नाही उचलला."

भरदुपारी, लख्ख उन्हात माझी पाठ गार पडली. हा माणूस काही वर्षं या घोड्यांसोबत एकटा राहत होता. त्यांना जे दिसत होतं, ते ओलांडायची त्याच्या पायांनाही सवय लागली होती.

घोड्या कोरलमधून निघाल्या त्या थेट पवनचक्कीच्या कुरणाकडे गेल्या. त्या कुरणाचं फाटक उघडं होतं. सगळ्या आत जाऊन माना खाली घालून उभ्या राहिल्या. वॉल्टनं मला फाटकाबाहेरच थांबवलं. आत लांबवर चपट्या दगडांची ओळ दिसत होती.

"गाभडलेली शिंगरं मी तिथे पुरली," तो म्हणाला. "बाकीचे लोक कोयोट कोल्ह्यांना टाकतात. माझ्याच्यानं नाही झालं. तेव्हापासून ह्या रोज तिथे जातात. फाटक लावलं तर दिवसभर फाटकाला छाती लावून उभ्या राहतात. म्हणून मी ते उघडंच ठेवतो. आईला लेकरापाशी जाऊ द्यावं ना?"

ताईंनी पदर नसतानाही खांद्यावरून हात फिरवला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

मला एक शंका होती. अमेरिकेच्या या भागात लोको नावाचं एक रानटी झुडूप उगवतं. आपल्या हरभऱ्या-वाटाण्याच्या कुळातलं. जनावरानं ते बरेच दिवस खाल्लं की मेंदूच्या पेशींमध्ये न पचलेला माल साचत जातो आणि जनावर वेडं होतं. गाभण असेल तर गाभडतं. सगळ्यात वाईट म्हणजे एकदा चव लागली की दारुड्यासारखं तेच शोधत फिरतं. गाई काही प्रमाणात सावरतात. घोड्याचा मेंदू परत येत नाही.

"लोको आहे का तुमच्याकडे?"

"नाही," वॉल्ट ठामपणे म्हणाला. "आमच्या वडिलांनी आणि भावानं अख्खं रँच पायी फिरून उपटून काढलं. जांभळ्या फुलांचं. लहानपणी आम्हाला ते विष म्हणून दाखवायचे. इथे एक जांभळं फूल सापडायचं नाही तुम्हाला."

"मी आत जाऊन बघू?"

"तिथे मी कोणाला नेत नाही, डॉक. माफ करा."

त्याच्या स्वयंपाकघरातल्या फोनवरून मी बॉसला फोन लावला.

"काय सापडलं?" बॉसनं विचारलं.

"काही नाही."

"मग प्रॉब्लेम काय आहे?"

"घोड्या बरोबर नाहीत. मला लोको वाटतंय."

"झाड बघितलंस?"

"नाही."

"रक्त पाठव. रिपोर्टला वेळ लागेल. तोपर्यंत क्लायंटला थांबव. पण कागदावर ‘मला वाटतं’ लिहायचं नाही. लक्षण लिही, नाहीतर सही कर."

बाहेर येऊन मी ताईंना सांगितलं, "ताई, थांबूया. रक्ताचा रिपोर्ट येऊ दे."

"कशासाठी? तुम्हीच पास म्हणालात."

"मला भीती वाटतेय."

"कशाची?"

सावलीची, असं सांगता आलं नाही. मी म्हणालो, "त्या आपल्याकडे बघत नाहीत."

ताई चिडल्या. "डॉक्टर, माझे भोवरे तुम्ही हसण्यावारी नेले. आणि आता घोडी बघत नाही म्हणून मी हाताशी आलेली घोडी सोडू? करडी आज ट्रेलरमध्ये चढणार. बाकीच्यांचं नंतर बघू."

मी हात टेकले. निर्णय शेवटी क्लायंटचा असतो. ताईंनी गाडीतून ताट काढलं. हळद, कुंकू, अक्षता, निरांजन. नवीन घोडी घरी न्यायची तर तिला ओवाळायचं, ही त्यांच्या पागेची रीत. वॉल्टनं टोपी काढून हातात धरली. चर्चमध्ये उभा राहावा तसा तो बाजूला उभा राहिला.

"ताट धरता का थोडं?" ताईंनी मला विचारलं.

"मी घोडी धरतो," मी म्हणालो.

ट्रेलरच्या आडोशाला वारा कमी होता. मी दोर हातात घेऊन करडीच्या डाव्या खांद्यापाशी उभा राहिलो. ताईंनी निरांजन पेटवलं, तिच्या कपाळाला कुंकू लावलं आणि ताट तिच्या तोंडासमोर धरून सावकाश ओवाळायला सुरुवात केली.

कुठलाही घोडा ज्योत बघून मान मागे घेतो. हिनं घेतली नाही. ज्योत डाव्या डोळ्यासमोरून गेली, उजव्या डोळ्यासमोरून गेली, तरी तिची बुबुळं हलली नाहीत. डोळ्यात ज्योतीचं प्रतिबिंब फिरताना मला दिसत होतं. त्या डोळ्यामागे घोडी नव्हतीच.

"बघा, कशी शांत आहे," ताई कौतुकानं म्हणाल्या. त्यांनी ताट खाली ठेवलं, फुंकर मारून ज्योत विझवली आणि गूळ आणायला त्या गाडीकडे वळल्या.

त्या चार पावलं गेल्या असतील. करडीच्या समोर आता काही नव्हतं. आणि त्या काही नसण्याकडे बघून तिचे डोळे फिरायला लागले. डावीकडून उजवीकडे, सावकाश गोल, ताट फिरलं होतं अगदी तसे. मग ती किंचाळली. घोडी खिंकाळते तो आवाज नव्हे. मी तो आवाज त्याआधी ऐकला नव्हता. ती मागच्या पायांवर उभी राहिली आणि माझ्या तळहाताचं कातडं घेऊन दोर सुटला. ज्योत जिथे फिरली होती तिथे तिनं हवेत पुढचे पाय मारले, मारले, आणि ज्या जागी ताई उभ्या होत्या तिथे सगळं वजन घेऊन खाली आली. पितळेचं ताट दुमडलं गेलं.

मग ती एकदम थांबली. कान पुढे, नजर सरळ. काही झालंच नव्हतं असं.

ताई गुळाचा खडा हातात घेऊन गाडीला टेकून उभ्या होत्या. मला घाबरायला झालं होतं ते त्या टापांमुळे नाही. आमच्या सगळ्यांच्या मागे राहून, संपून गेलेली गोष्ट ती आत्ता बघत होती, ह्यानं मी घाबरलो होतो.

वॉल्टनं टोपी डोक्यावर ठेवली. "चला, डॉक," तो म्हणाला. "कुरण दाखवतो."

फाटकातून आत गेल्यावर पहिल्याच दगडांपाशी मी खाली बसलो. दगडांच्या मधे दाट झुडपं होती आणि ती जमिनीपर्यंत कुरतडलेली होती. उरलेल्या एका दांड्यावर वाटाण्याच्या फुलासारखी फुलं होती. पांढरी.

"हे झुडूप कधीपासून आहे?"

"पहिल्या वर्षी दगड ठेवला, त्याच्या पुढच्या वसंतात आपोआप आलं." वॉल्टनं ते दांड्यावरचं फूल बोटानं सरळ केलं. "मला बरं वाटलं. कबरीवर फुलं असावीत."

लोकोच्या जाती बऱ्याच आहेत. जांभळी असतात तशी पांढरीही असतात. आणि त्याचं बी फार चिवट. उपटून टाकलेल्या झुडपाचं बी माणसाच्या अर्ध्या आयुष्याएवढा काळ मातीत झोपून राहतं. माती हलली, पाऊस पडला, की उठतं. पहिली घोडी नेहमीच्या कुठल्यातरी कारणानं गाभडली असणार, तसं होतंच. वॉल्टनं खड्डा खणला आणि बी जागं झालं. घोड्यांनी ते खाल्लं, आणखी गाभडल्या. त्यानं आणखी खड्डे खणले. आणि त्यांना तिथे जाता यावं म्हणून फाटक उघडं ठेवलं.

हे मला त्याला सांगायचं होतं. त्याची भीड ठेवायची नाही हा नियम मी तुम्हाला वर सांगितला आहे, पण तो नियम अशा वेळेसाठी केलेला नाही. मी शक्य तितक्या साध्या शब्दांत सांगितलं. तो दगडावर बसून ऐकत होता.

"म्हणजे त्या रडायला येत नव्हत्या," तो शेवटी म्हणाला.

"नाही. खायला येत होत्या."

"आणि ते मी पेरलं."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. दुसरं काय करणार? आजवर मी खूप वाईट बातम्या दिल्या आहेत. माणसाची माया त्याच्या हातात विष म्हणून परत द्यायची वेळ तेवढी एकदाच आली.

ट्रेलर रिकामा परत आला. वाटेत ताई म्हणाल्या, "देवानं दाखवलं."

"निरांजनानं दाखवलं," मी म्हणालो.

"तेच की," ताई म्हणाल्या. पहिल्यांदाच मी वाद घातला नाही.

रक्ताच्या रिपोर्टनं आठवड्याभरानं लोको पक्कं केलं. माझ्या रिपोर्टमध्ये मी आरतीला ‘हलत्या प्रकाशाचा स्टिम्युलस’ असं लिहिलं आणि पुढे ‘प्रतिसाद उशिरा, तीव्र’. बॉसनं विचारलं, ही टेस्ट कुठे शिकलास? मी म्हणालो, कोल्हापूरला. ताईंनी उन्हाळ्यात दुसरीकडून दोन घोड्या घेतल्या. त्या आवाज करायच्या, चावायच्या, ओवाळताना मागे सरकायच्या. दोन्ही सुखरूप व्याल्या. माझ्यापुरता धडा एवढाच, की चौकटीत उभा केलेला घोडा तपासून फक्त उभा घोडा कळतो. तेव्हापासून मी स्टेथोस्कोप काढायच्या आधी घोडा मोकळा सोडतो, आणि लांब उभा राहून तो काय बघतोय ते बघतो.

वॉल्टच्या घोड्या मात्र कोणी विकत घेणं शक्य नव्हतं आणि त्यानं त्या विकल्याही नाहीत. त्याला वाकता येत नव्हतं, म्हणून रिपोर्ट घेऊन गेलो त्या दिवशी मीच झुडपं उपटायला थांबलो. फाटक लावून घेतलं. घोड्या बाहेर रांगेनं छाती टेकून उभ्या राहिल्या. एकेका दगडापासून आम्ही आत सरकत गेलो. सगळीकडे कुरतडलेले बुंधे. पवनचक्कीच्या पलीकडे, ओळीपासून थोडा सुटा असा शेवटचा दगड होता, सगळ्यात पहिल्या पुरलेल्या शिंगराचा. तिथे मी थांबलो.

त्या दगडाभोवती झुडूप गुडघ्याएवढं वाढलं होतं आणि पांढऱ्या फुलांनी भरलेलं होतं. त्याचं एक पानसुद्धा कोणी तोडलं नव्हतं. आणि त्याच्या भोवती, दोन हात अंतर सोडून, एकाच घोडीच्या टापांनी जमीन गोल झिजली होती.

"हा करडीचा," वॉल्ट म्हणाला. "डॉक, बाकीच्या खायला यायच्या. मग ही इथे काय करत होती?"

मी मागे बघितलं. करडी फाटकापाशी बाकीच्यांत उभी होती, आणि आजवर पहिल्यांदाच ती माझ्याकडे बघत होती.

विष ते विष. मी हातमोजे घट्ट केले, खाली वाकलो आणि तेही उपटलं.